मंगळावर न गेलेली मोटार

सात वर्षांपूर्वी मी एक बातमी चुकीची छापली होती. तिची दुरुस्ती आजवर कुठेच आली नाही. आज ६ फेब्रुवारी २०२५, त्या बातमीतल्या घटनेला बरोबर सात वर्षं झाली, म्हणून आज लिहितोय. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. शेवटी आपल्या विदर्भाचाही विषय येतो.

तेव्हा मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. ६ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरवरून दुपारी पावणेचारला स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन हेवी हे रॉकेट पहिल्यांदा उडालं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वादोन, तारीख ७. डाक आवृत्ती तोवर छापून गाडीत चढलेली असते. म्हणून बातमी ८ तारखेच्या अंकात घेतली. एजन्सीची इंग्रजी कॉपी माझ्यासमोर, भाषांतर माझं आणि मथळाही माझाच: 'लाल मोटार निघाली मंगळावर!' उद्गारचिन्हासकट. फोटो तर असा झकास की विचारू नका. उघड्या टपाची लाल गाडी, स्टिअरिंगवर पांढऱ्या अंतराळ पोशाखातला बाहुला, एक कोपर ऐटीत दारावर टेकवलेलं, आणि मागे निळी पृथ्वी. पान देखणं झालं होतं.

सकाळी नऊला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा फोन. "अरे, मंगळावर निघाली म्हणतोस, तर तिथं थांबणार कशी? ब्रेक कोण लावणार?"

मी म्हटलं, "सर, एजन्सीची बातमी आहे."

सर म्हणाले, "एजन्सीला मी शिकवलेलं नाही. तुला शिकवलंय."

मी डेस्कवर दुरुस्तीचा विषय काढला. आमचे प्रमुख म्हणाले, "गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतंय आणि तू मंगळाचा खुलासा छापणार?" त्यांचंही बरोबरच होतं. विषय तिथंच मिटला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही.

आता मुळात काय घडलं ते सांगतो.

फाल्कन हेवी म्हणजे तीन रॉकेटं शेजारी शेजारी बांधल्यासारखा प्रकार. खाली एकूण २७ इंजिनं. त्या काळात वापरात असलेलं जगातलं सर्वांत ताकदवान रॉकेट. नवीन रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात कुणी आपला महागडा उपग्रह ठेवत नाही, कारण ते फुटण्याची शक्यता असते. स्पेसएक्सचे मालक इलॉन मस्क स्वतःच उड्डाणाआधी सांगत होते की यशाची खात्री नाही. अशा वेळी वजन म्हणून काँक्रीटचे किंवा लोखंडाचे ठोकळे ठेवतात. मस्क यांना ते कंटाळवाणं वाटलं. त्यांनी स्वतःची रोजच्या वापरातली टेस्ला रोडस्टर गाडी ठेवली. वजन सुमारे १,३०० किलो. बाहुल्याचं नाव 'स्टारमॅन'. डॅशबोर्डच्या पडद्यावर 'घाबरू नका' अशा अर्थाची दोन इंग्रजी शब्दांची पाटी. डॅशबोर्डवर त्याच गाडीचं खेळण्याएवढं छोटं मॉडेल आणि त्यात छोटा स्टारमॅन. आतल्या एका सर्किटवर छापलं होतं की ही वस्तू पृथ्वीवर माणसांनी बनवली आहे. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ज्या तळावरून हे उडालं तो ३९ए क्रमांकाचा तळ, जिथून १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्राकडे गेलं होतं. उड्डाण यशस्वी झालं. बाजूची दोन रॉकेटं परत येऊन जोडीनं जमिनीवर उभी राहिली. मधलं मात्र समुद्रातल्या तराफ्यावर उतरायचं होतं, ते चुकून पाण्यात आदळलं. वरचा टप्पा गाडीला घेऊन सुमारे सहा तास पृथ्वीभोवती राहिला, मग त्याचं इंजिन शेवटचं पेटलं आणि गाडी पृथ्वीच्या ओढीतून सुटली. कॅमेरे चार तासांहून थोडा जास्त वेळ चित्रं दाखवत होते, पुढे बॅटरी संपली. तेव्हापासून गाडी मुकी आहे.

आता माझी चूक. गाडी मंगळावर निघालीच नव्हती. ती सूर्याभोवती फिरायला निघाली होती. तिची वाट लांबुळकी आहे. सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा साधारण पृथ्वीइतक्या अंतरावर, म्हणजे पावणेपंधरा कोटी किलोमीटर. सर्वांत लांब जाते तेव्हा जवळपास पंचवीस कोटी किलोमीटर, म्हणजे मंगळाच्या वाटेला ओलांडून. एक फेरी पूर्ण करायला सुमारे ५५७ दिवस लागतात.

पण मंगळाची वाट ओलांडणं वेगळं आणि मंगळ गाठणं वेगळं. आपण हायवेच्या फाट्यावर पोचलो म्हणजे एसटी तिथं उभी असतेच असं नाही. मंगळाला गाठायचं तर साधारण २६ महिन्यांनी येणारी वेळ साधावी लागते. २०१८ मध्ये ती वेळ मे महिन्याच्या आसपास होती. नासाचं इनसाइट यान ५ मे ला निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मंगळावर उतरलं. गाडी फेब्रुवारीतच निघाली होती. ती मंगळाच्या वाटेपलीकडे गेली तेव्हा तिथं मंगळ नव्हता. ७ ऑक्टोबर २०२० ला ती पहिल्यांदा मंगळाच्या बऱ्यापैकी जवळून गेली. बऱ्यापैकी म्हणजे किती? सुमारे ७४ लाख किलोमीटर. आपल्यापासून चंद्र जेवढा लांब आहे त्याच्या एकोणीस पट.

आणि सरांचा ब्रेकचा प्रश्न. आपलं मंगळयान आठवा. ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून उडालं. वजन सुमारे १,३४० किलो, म्हणजे या मोटारीच्या जवळपास तेवढंच. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाजवळ पोचल्यावर त्यानं आपलं इंजिन वीसहून जास्त मिनिटं चालवून वेग कमी केला, तेव्हा कुठं मंगळानं त्याला धरून ठेवलं. ते इंजिन पेटलं नसतं तर मंगळयानही पुढे निघून गेलं असतं. मोटारीला असं इंजिन नाही. ज्या टप्प्यानं तिला ढकललं त्याचं इंधन संपलं आणि ती अजून त्याच रिकाम्या टप्प्याला जोडलेली फिरतेय. सरांनी एका वाक्यात विचारलेला प्रश्न मला एजन्सीची कॉपी वाचताना सुचायला हवा होता.

दुसरी चूक खुद्द मालकांची. इंजिन शेवटचं पेटल्यानंतर मस्क यांनी कक्षेचा नकाशा टाकला आणि गाडी मंगळाच्याही पलीकडे लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जाणार असं जगाला सांगितलं. खगोल अभ्यासकांनी गणित केलं तेव्हा आकडे जुळेनात. गाडी तितक्या लांब जाणार नव्हती. ज्यानं फेकली त्यानंच पत्ता चुकीचा दिला होता. बहुतेक वर्तमानपत्रांत पहिला पत्ता छापून आला, दुसरा फार थोड्या ठिकाणी.

तिसरी चूक अगदी ताजी, गेल्या महिन्यातली, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिजला मायनर प्लॅनेट सेंटर आहे. जगभर कुणालाही नवा लघुग्रह दिसला की त्याची नोंद इथं होते. २ जानेवारी २०२५ ला त्यांनी २०१८ सीएन४१ अशी नवी नोंद जाहीर केली. पृथ्वीजवळून जाणारा लघुग्रह. तुर्कस्तानातल्या एका हौशी अभ्यासकानं जुन्या निरीक्षणांतून तो शोधला होता. एका दिवसाच्या आत उलगडा झाला की ही कक्षा तर ओळखीची आहे. तो लघुग्रह नव्हता, तीच लाल मोटार होती! ज्यानं नोंदवला त्यालाच शंका आली होती आणि त्यानंच कळवलं. सेंटरनं लगेच नोंद रद्द केली आणि का रद्द केली तेही छापलं.

'ही वस्तू माणसांनी बनवली आहे' असं त्या सर्किटवर छापलंय ना? पण दुर्बिणीतून ते वाचता येत नाही. तिथून दिसतो फक्त एक अंधुक ठिपका, दगडाचा असो की टेस्लाचा.

असं पहिल्यांदा घडलेलं नाही, आणि गंमत म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. थोडा इतिहास बघा.

१४ नोव्हेंबर १९६९ ला अपोलो १२ चंद्राकडे गेलं. त्याच्या रॉकेटचा तिसरा टप्पा काम झाल्यावर सोडून दिला. पुढे तो सूर्याभोवती निघून गेला आणि लोक विसरले. तेहेतीस वर्षांनी, सप्टेंबर २००२ मध्ये एका हौशी निरीक्षकाला पृथ्वीभोवती फिरणारी एक वस्तू दिसली. पृथ्वीला दुसरा छोटा चंद्र मिळाला की काय, अशी चर्चा सुरू झाली. मग तिच्यावरून येणाऱ्या प्रकाशाची तपासणी झाली, तर तो पांढऱ्या रंगलेपाशी जुळला. अपोलोच्या रॉकेटला दिलेला तोच रंग. तेहेतीस वर्षांनी माल परत आला आणि त्याला फक्त रंगावरून ओळखावं लागलं.

नोव्हेंबर २००७ मध्ये युरोपचं रोझेटा यान ठरल्याप्रमाणे पृथ्वीजवळून चाललं होतं. यान चालू होतं, मालक ठाऊक होता, तरी त्याला लघुग्रह समजून २००७ व्हीएन८४ असं नाव दिलं गेलं आणि मग मागे घ्यावं लागलं. २०२० मध्ये हवाईच्या दुर्बिणीला दिसलेला 'लघुग्रह' म्हणजे १९६६ साली चंद्राकडे निघालेल्या सर्व्हेयर २ यानाच्या रॉकेटचा टप्पा निघाला. चोपन्न वर्षं सूर्याभोवती फिरून आलेला.

२०२२ च्या जानेवारीत बातमी आली की स्पेसएक्सच्या जुन्या रॉकेटचा एक टप्पा ४ मार्चला चंद्रावर आदळणार. हे गणित करणारे बिल ग्रे यांनीच फेब्रुवारीत जाहीर कबूल केलं की आपली ओळख चुकली, तो चीनच्या २०१४ सालच्या चंद्र मोहिमेच्या रॉकेटचा टप्पा आहे. चीननं ते नाकारलं. टप्पा ठरल्या दिवशी चंद्रावर आदळला. एवढी जड वस्तू, एवढा मोठा आघात, आणि मालकीवरून वाद!

याच्या उलट चंद्रावरच्या गाड्या बघा. अपोलो १५, १६ आणि १७ च्या अंतराळवीरांनी १९७१-७२ मध्ये चंद्रावर तीन बॅटरीवरच्या गाड्या चालवल्या आणि तिथंच सोडल्या. कुठं सोडल्या हे माहीत आहे, वरून त्यांचे फोटोही निघाले आहेत. रशियाची लुनोखोद १ ही दूरवरून चालवायची गाडी १९७१ मध्ये बंद पडली. तिची नेमकी जागा माहीत नव्हती, म्हणून ती जवळपास चाळीस वर्षं 'हरवलेली' होती. २०१० मध्ये फोटोंत सापडली, लेझरचा किरण टाकला तर तिच्यावरच्या आरशावरून परत आला. गाडी होती तिथंच होती, हरवला होता तो पत्ता.

आता या लाल मोटारीचं पुढे काय होणार? उड्डाणानंतर काही दिवसांतच हॅनो राइन, डॅनियल तमायो आणि डेव्हिड वोक्रौलित्स्की या तिघांनी गणित मांडलं. त्यांचं म्हणणं असं: २०९१ मध्ये गाडी पृथ्वीच्या खूप जवळून जाईल, साधारण चंद्र आहे तेवढ्या अंतरावरून. त्या वेळी पृथ्वीची ओढ तिची वाट थोडी वाकवेल. नंतर पुन्हा कधीतरी जवळ येईल, पुन्हा वाट वाकेल. कॅरमच्या बोर्डवर स्ट्रायकर केसभर इकडे-तिकडे झाला तर पहिल्या सोंगटीला फारसा फरक पडत नाही, पण चौथ्या टकरीपर्यंत सगळा डाव बदलतो. तसंच हे. म्हणून फार पुढचं नेमकं भाकीत करता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. त्यांनी सुरुवातीचे आकडे अगदी किंचित बदलून संगणकावर तेच गणित पुन्हा पुन्हा केलं. उत्तर आलं: पुढच्या दहा लाख वर्षांत ही गाडी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ६ टक्के, शुक्रावर आदळण्याची अडीच टक्के. काही कोटी वर्षांत ती कुठेतरी संपेल.

तेव्हा घाबरायचं कारण नाही. आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही या गाडीपासून धोका नाही, आणि आलीच तर बहुतेक भाग हवेत जळून जाईल. शिवाय तोवर ती 'लाल गाडी' राहणारच नाही. तिथं हवेचं पांघरूण नाही. सूर्याचे अतिनील किरण आणि इतर किरणोत्सर्ग प्लास्टिक, चामडं, रंग, टायरचं रबर यांचे बंध तोडत राहतात. बारीक बारीक उल्का आदळत राहतात. शेवटी ॲल्युमिनियमची चौकट आणि धातूचे भाग एवढंच उरेल. जिच्या फोटोसाठी मी चार कॉलम दिले ती गाडी कदाचित आजच ओळखू येण्यासारखी नसेल.

मग एवढं लिहायचं कारण काय? कारण आहे नोंद.

१९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार आकाशात सोडलेली वस्तू, ती ज्या देशाच्या नावावर नोंदलेली आहे, त्याच देशाच्या अधिकारात राहते, मग ती कुठंही जावो. खासगी कंपनीनं सोडली तरी जबाबदारी त्या देशाची. पुढे १९७० च्या दशकात नोंदणीचा वेगळा करार झाला. त्यात देशानं संयुक्त राष्ट्रांना कळवायचं असतं: काय सोडलं, केव्हा, कुठून आणि कोणत्या कक्षेत. झालं! ती वस्तू पुढे कुठं गेली, कक्षा कशी बदलली, हे कळवत राहण्याची सक्ती नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा एकदा निघतो, फेरफार नाही. तलाठ्याकडे फेरफार झाला नाही की भावकीत काय होतं, हे मला तुम्हाला सांगायची गरज नाही.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूंवर लष्करी रडार नजर ठेवतात, कारण तिथं उपग्रहांची टक्कर होऊ शकते. पण पृथ्वीच्या ओढीतून सुटून सूर्याभोवती गेलेल्या वस्तूंचा माग नेमानं ठेवणारी अशी यंत्रणा नाही. अपोलोच्या काळात असं जाणारं सामान थोडं होतं. आता चंद्राकडे, मंगळाकडे, लघुग्रहांकडे बरेच देश आणि खासगी कंपन्या निघाल्या आहेत, त्यात आपणही आहोत. पृथ्वीला धोका देणारे खरे लघुग्रह शोधणं हे गंभीर काम आहे. त्यांच्या यादीत रॉकेटचे जुने टप्पे आणि मोटारी मिसळत राहिल्या, तर अभ्यासकांचा वेळ वाया जाणार. उद्या एखाद्या अशा 'लघुग्रहा'कडे कुणी करोडो रुपयांचं यान पाठवायचं आणि तिथं कुणाच्या तरी रॉकेटची टाकी निघायची. हसू नका, मोटारीचा लघुग्रह गेल्याच महिन्यात झाला होता.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर २ एप्रिल २०२२ आठवा. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून गुजरातपर्यंत लोकांनी आभाळात जळत जाणारी लांब रांग पाहिली. आमच्या फोनवर व्हिडिओंचा पाऊस पडला. कुणी विमान म्हणालं, कुणी उल्का, कुणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची मोठी रिंग पडलेली सापडली. नंतरच्या दिवसांत आसपास धातूचे गोळेही मिळाले. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. चीनच्या लाँग मार्च थ्री-बी रॉकेटचा टप्पा असावा असं अभ्यासकांनी सांगितलं. नशीब, कुणाला लागलं नाही. त्या रात्री आम्हा पत्रकारांना प्रत्येक फोनवर एकच प्रश्न येत होता: "काय पडलं आणि कुणाचं पडलं?" त्याचं उत्तर त्या वेळी ना पोलिसांकडे होतं, ना तहसीलदारांकडे, ना आमच्याकडे. हे पृथ्वीच्या अगदी जवळच्या वस्तूचं, जिच्यावर नजर असते असं आपण मानतो. सूर्याभोवती गेलेल्यांचं काय घ्या!

मस्क यांच्यावर टीका करायला ही पोस्ट नाही. गाडी पाठवली म्हणून निदान सगळ्यांच्या लक्षात राहिली, तिची कक्षा नासाच्या यादीत आहे, म्हणून तर ती एका दिवसात ओळखता आली. काँक्रीटचा ठोकळा असता तर कदाचित आजही तो लघुग्रह म्हणून यादीत राहिला असता. ज्यांचे फोटो निघाले नाहीत, ज्यांच्यावर मथळे आले नाहीत, त्या टप्प्यांची मला जास्त काळजी वाटते.

आणि एक गोष्ट मला व्यक्तिशः लागली. मायनर प्लॅनेट सेंटरनं चूक एका दिवसात मान्य केली, जाहीर केली आणि नोंद खोडली. बिल ग्रे यांनी स्वतःचं चुकलेलं गणित स्वतः सांगितलं. त्यात त्यांची इज्जत गेली नाही, उलट त्यांच्या पुढच्या नोंदीवर विश्वास बसला. आम्ही बातम्यांच्या धंद्यातले लोक मात्र मथळा पहिल्या पानावर छापतो आणि दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात, तीही आली तर. गावच्या नळाच्या बातमीत आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी नगरसेवक दारात येतो. मंगळाची बातमी चुकली तर कोण येणार? आमचे सर आले होते, फोनवर. त्यांनाही आम्ही वाटेला लावलं.

सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची नात त्यांना मोबाईलवर पोस्टी वाचून दाखवते. तेव्हा सर, ही तुमच्यासाठी, सात वर्षं उशिरा:

दुरुस्ती. ८ फेब्रुवारी २०१८ च्या अंकात 'लाल मोटार निघाली मंगळावर!' या मथळ्याखाली बातमी प्रसिद्ध झाली होती. ती मोटार मंगळावर निघालेली नव्हती. ती सूर्याभोवती फिरत आहे, तिला ब्रेक नाही, आणि आजपर्यंत तिच्या साधारण साडेचार फेऱ्या झाल्या आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहे.

२ एप्रिल २०२२ च्या रात्री तुम्ही काय पाहिलं ते कमेंटमध्ये लिहा, वेळ आणि गाव घालून. नोंद राहू द्या. आणि या पोस्टमध्ये काही चुकलं असेल तर बिनधास्त सांगा, या वेळी दुरुस्ती त्याच दिवशी होईल.

चू.भू.द्या.घ्या.